एमआरआय झाला, मग परत एक्स-रे आणि सीटी कशाला?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मिस्टर ४३ वर्षांचे, मानेवाड्याहून बुटीबोरीला रोज दुचाकीने जाणं-येणं. तीन महिन्यांपासून डाव्या कुल्ल्यातून कळ निघते आणि पोटरीच्या बाहेरच्या बाजूने पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरते. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये तीन गाद्या खराब निघाल्या: एल-२-३ (म्हणजे कंबरेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यांमधली गादी) आणि एल-३-४ला ‘बल्ज’ म्हणजे फुगवटा, एल-४-५ला डावीकडे ‘एक्स्ट्रुजन’ म्हणजे गादी फाटून गर बाहेर आलेला, आणि त्याचा तुकडा खाली सरकलेला. सगळ्यात शेवटी एक ओळ आहे, ‘ट्रान्झिशनल व्हर्टिब्रा, डावीकडे अंशतः सॅक्रलायझेशन’. एका डॉक्टरांनी दुर्बिणीने एकच गादी करू म्हणून सांगितलं, पण आधी उभ्याने-वाकून काढलेले एक्स-रे आणि तेवढ्याच भागाचा सीटी मागितला. दुसऱ्यांनी एमआरआय पुरे म्हणून थेट तारीख दिली. तुम्ही विचारताय की हा जास्तीचा खर्च खरंच लागतो की बिल फुगवणं चाललंय, आणि गाद्या तीन खराब असताना ऑपरेशन एकाच गादीचं का.

मी नागपुरातच मणक्याच्या शस्त्रक्रिया करते, ओपन, मायक्रोस्कोपने आणि दुर्बिणीनेही. फिल्म पाहिल्याशिवाय आणि मिस्टरांचा पाय स्वतः तपासल्याशिवाय ऑपरेशन करा किंवा करू नका, असं मी सांगणार नाही. पण या तपासण्या का मागितल्या असतील, हे तुम्ही लिहिलेल्या चार ओळींवरून बऱ्यापैकी कळतं. जी शेवटची ओळ तुम्ही ‘ते काय असतं कोण जाणे’ म्हणून सोडून दिलीत, तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

निदान एकदा झाल्यावर पुन्हा तपासण्या का, ही तुमची खरी शंका. निदानासाठी एमआरआय वाचणं वेगळं आणि ऑपरेशनची आखणी करण्यासाठी तोच एमआरआय वाचणं वेगळं. रेडिऑलॉजिस्ट कुठे काय बिघडलंय ते लिहितात. सर्जनला त्यापुढचं ठरवायचं असतं: दुखतंय ते याच बिघाडामुळे का, तिथवर कमीत कमी हाड आणि स्नायू दुखावून कुठून पोचायचं, आणि टेबलावर पालथ्या झोपलेल्या माणसाच्या पाठीवर ती जागा नेमकी ओळखायची कशी. महाल भागातल्या एखाद्या जुन्या वाड्याचा पत्ता हातात असला म्हणून गाडी कोणत्या गल्लीतून आत शिरेल हे कळत नाही, तसंच हे. ओपन ऑपरेशनमध्ये आजूबाजूचं हाड डोळ्यांनी दिसतं, बोटाला लागतं. दुर्बिणीची नळी साधारण ७-८ मिलिमीटर जाडीची असते, मायक्रोस्कोपखाली वापरायच्या नळ्या बहुतेक १६ ते २२ मिलिमीटरच्या. एवढ्याशा छिद्रातून शेजारचं काही दिसत नाही, म्हणून ते आदल्या दिवशीच स्क्रीनवर पाहून ठेवावं लागतं.

आता तीन गाद्यांचं. १९९४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला होता. कंबर अजिबात दुखत नसलेल्या ९८ लोकांचे एमआरआय काढले. त्यातल्या ५२ टक्के लोकांना किमान एका गादीला बल्ज होता, २७ टक्क्यांना त्याहून पुढचं प्रोट्रुजन. सगळ्या गाद्या नॉर्मल असलेले निघाले फक्त ३६ टक्के. एक्स्ट्रुजन मात्र १ टक्क्यालाच होतं. म्हणजे बल्ज हा बऱ्याच अंशी वयाचा भाग, केस पांढरे होण्याच्या जवळचा. गादीचं बाहेरचं कडं फाटून आतला गर बाहेर येणं ही गोष्ट वेगळी. म्हणून तुमच्या रिपोर्टमधल्या तीन ओळी दिसायला सारख्या असल्या तरी त्यांचं वजन सारखं नाही. एल-२-३ आणि एल-३-४च्या बल्जला हात न लावणं हे अर्धवट काम नाही. उलट कोणी ‘एकाच भुलीत तिन्ही करून टाकू’ म्हणाले असते, तर मी तुम्हाला आणखी एक मत घ्यायला सांगितलं असतं.

पण एक्स्ट्रुजन आहे एवढ्यावरही ऑपरेशन ठरत नाही. दुखणं आणि फिल्म यांचा मेळ बसावा लागतो. एल-४-५ची गादी मागे आणि डावीकडे फुटली, तर तिच्या पाठीमागून खाली उतरणारी एल-५ची नस दबते. एल-४ची नस त्याआधीच, गादीच्या थोडी वरून, दोन मणक्यांमधल्या बाजूच्या भोकातून बाहेर पडलेली असते. तीच गादी अगदी कडेला, भोकाच्या पलीकडे फुटली असती तर एल-४ दबली असती आणि कळ मांडीच्या पुढून गुडघ्याच्या आतल्या बाजूला गेली असती. मिस्टरांची कळ पोटरीच्या बाहेरून अंगठ्याकडे जाते, ती एल-५चीच वाट. तपासताना आम्ही अंगठा वर उचलायची ताकद बघतो, टाचांवर चालायला लावतो, झोपवून पाय सरळ उचलतो. त्याखालची, एस-१ची नस असती तर कळ पोटरीच्या मागून करंगळीकडे गेली असती, चवड्यावर उभं राहणं जड गेलं असतं आणि हातोडीने ठोकल्यावर घोट्याला बसणारा झटका मंदावला असता. मेळ बसतच नसेल तर कधी कधी सी-आर्मखाली (ऑपरेशनच्या टेबलावरच एक्स-रे दाखवणारं यंत्र) त्या एका नसेजवळ भुलीचं इंजेक्शन देऊन कळ थांबते का ते पाहतात. तुमच्या वर्णनावरून इथे त्याची गरज पडू नये.

एमआरआयमध्ये मी काय बघते तेही सांगते. टी-२ प्रकारच्या चित्रांत मणक्याच्या नळीतलं पाणी पांढरं दिसतं, चांगली गादी उजळ आणि सुकलेली गादी काळी. उभ्या कापांत तुकडा किती वर-खाली गेलाय ते कळतं, आडव्या कापांत नस कोणत्या बाजूला ढकलली गेलीय ते. बऱ्याच सेंटरवर आडवे काप फक्त गादीच्या पातळीवर, तिच्या कलाने तिरपे घेतात आणि मधला मणक्याच्या पाठीमागचा भाग कापांविना राहतो. तुकडा खाली सरकलेला असेल तर तो नेमका या मधल्या जागेत असू शकतो. म्हणून मी सलग, एकावर एक घेतलेले आडवे काप मागते. ते नसतील तर उभ्या कापांवरून अंदाज बांधावा लागतो, आणि लहान छिद्रातून काम करताना मला तो नको असतो. दोन नसा एकाच आवरणातून निघणं, सांध्यातून आलेली पाण्याची गाठ, असल्या गोष्टीही मी इथेच शोधते, कारण त्या आधी ठाऊक नसतील तर नळीतून बघताना घोटाळा होतो.

एक विनंती, कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी. रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॅपवर पाठवून काही होत नाही, आणि ट्यूबलाइटसमोर धरलेल्या फिल्मचा फोटो पाठवूनही नाही. सेंटरवरून सीडी घ्या किंवा लिंक मागा. स्क्रीनवर काप पुढे-मागे करून, मापं घेत बघणं आणि फिल्मवरचे बोटभर चौकोन बघणं यात फार अंतर आहे. छिंदवाडा, गडचिरोलीहून लोक दिवसभराचा प्रवास करून येतात आणि सीडी घरी राहिलेली असते, तेव्हा मला त्यांच्यापेक्षा जास्त हळहळ वाटते.

आता ती शेवटची ओळ. कंबरेचे मणके पाच, त्याखाली त्रिकास्थी हे एकसंध त्रिकोणी हाड, हे पुस्तकातलं. प्रत्यक्षात काही लोकांचा पाचवा मणका खालच्या हाडाला थोडा किंवा पूर्ण जोडलेला असतो, किंवा उलट त्रिकास्थीचा पहिला मणका सुटा राहून सहाव्यासारखा दिसतो. वेगवेगळ्या अभ्यासांत याचं प्रमाण ४ टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत आलंय, म्हणजे हे दुर्मीळ नाही. हा आजारही नाही, बहुतेकांना जन्मभर पत्ता लागत नाही. अडचण मोजणीची आहे. एमआरआय वाचणाऱ्याने वरून मोजून एका गादीला एल-४-५ म्हटलं, आणि सर्जनने ऑपरेशनच्या वेळी सी-आर्मवर खालून मोजताना अर्धवट जोडलेल्या मणक्याला त्रिकास्थीत धरलं, तर त्याच नावाने तो एक घर वरच्या गादीवर जाऊन पोचेल. जागा चुकण्याचे जे प्रकार मणक्याच्या शस्त्रक्रियेत होतात, त्यांत हे एक ठरलेलं कारण आहे.

म्हणून असा मणका दिसला की मी रिपोर्टमधलं नाव बाजूला ठेवते आणि स्वतः मोजते. आपल्याकडे बऱ्याच सेंटरवर कंबरेच्या एमआरआयसोबत ‘होल स्पाइन स्क्रीनिंग’ म्हणून पूर्ण मणक्याचा एक उभा काप देतात. तो असेल तर मानेच्या दुसऱ्या मणक्यापासून खाली मोजत येता येतं, त्याचा आकार ओळखू येण्यासारखा असतो. पण ऑपरेशनच्या टेबलावर मान नसते, असते कंबर आणि सी-आर्म. त्यामुळे एमआरआयवरची मोजणी एक्स-रेच्या भाषेत उतरवावी लागते. समोरून काढलेल्या साध्या एक्स-रेवर बरगड्या, जोडलेल्या मणक्याचा रुंद झालेला पंख (बाजूला निघालेलं हाड), कंबरेच्या हाडाची कड दिसते. टेबलावर सी-आर्ममध्येही हेच दिसणार असतं. मग मी कागदावर नाव न लिहिता वर्णन लिहिते: ‘डावीकडे रुंद पंख असलेल्या मणक्याच्या लगेच वरची गादी.’ भूलतज्ज्ञ, असिस्टंट, सिस्टर, सगळ्यांना तेच वाक्य सांगते.

या मणक्यामुळे आणखी दोन गोष्टी होतात. काही जणांत नसांची कामं एक घर सरकलेली असतात, म्हणजे जे काम एरवी एल-५ची नस करते त्यातलं बरंचसं एल-४ करते. त्यामुळे ‘अंगठ्याकडे कळ, म्हणजे एल-५च’ हे मी वर सांगितलेलं गणित अशा माणसात थोडं जपून मांडावं लागतं. दुसरं, जोडलेल्या बाजूला पंख आणि त्रिकास्थी यांच्यात एक खोटा सांधा तयार होतो आणि तो स्वतःच दुखू शकतो. १९१७ मध्ये बर्टोलोटी या इटालियन डॉक्टरांनी हे वर्णन केलं, म्हणून त्यांच्या नावाने ओळखतात. मिस्टरांचा सांधाही डावीकडे आणि दुखणंही डावीकडे. गुडघ्याखाली अंगठ्यापर्यंत जाणारी कळ त्या सांध्याची नसते, पण कंबरेतलं आणि कुल्ल्यातलं काही दुखणं तिथून येत असू शकतं. गादी काढल्यावर पायाची कळ गेली आणि कंबर मात्र थोडी दुखत राहिली, तर त्याचं कारण आधीच माहीत असलेलं बरं.

वाकून काढायचे एक्स-रे त्यामानाने सरळ प्रकरण आहे. एमआरआय झोपून काढतात, आणि झोपल्यावर मणक्यांवरचा भार उतरतो. एक मणका दुसऱ्यावरून सरकत असेल तर तो झोपल्यावर जागेवर येऊन बसू शकतो आणि एमआरआयमध्ये सगळं सुतासारखं दिसू शकतं. उभं राहून पुढे आणि मागे वाकून काढलेल्या एक्स-रेत सरकणं पकडलं जातं. तसं निघालं तर नुसती गादी काढून भागेल की नाही, हा वेगळा विचार करावा लागतो. हे एक्स-रे स्वस्त असतात, मेडिकल, मेयो या सरकारी हॉस्पिटलांत कुठेही होतात. हे नसले तरी ‘चालेल’ असं मी कधीच म्हणत नाही. फक्त कळ फार असेल त्या दिवशी माणूस वाकतच नाही, आणि न वाकता काढलेला वाकण्याचा एक्स-रे काही सांगत नाही. औषध घेऊन, थोडं बरं असताना काढा.

सीटीचं मात्र प्रत्येकासाठी एकच उत्तर नाही. साधं एक्स्ट्रुजन, नेहमीचे पाच मणके, मोकळी भोकं असतील तर मीही सीटी मागत नाही. त्यात क्ष-किरण लागतात, एमआरआयमध्ये लागत नाहीत, उगाच कशाला. मिस्टरांच्या बाबतीत कारण आहे. एमआरआय नस आणि गादी चांगली दाखवतो, हाडाच्या कडा सीटीत स्पष्ट येतात. फुटलेला तुकडा मऊ आहे की त्यात कॅल्शियम बसून तो टणक झालाय, सांध्याच्या हाडाने नसेची वाट किती अडवलीय, जोडलेला पंख दुर्बिणीच्या वाटेत येतो का, हे सीटीवर मिलिमीटरमध्ये मोजता येतं. टणक तुकडा निघाला तर हत्यारं बदलतात, कधी पद्धतही.

वाटा मुख्यतः दोन. एक कडेने: पाठीच्या मध्यापासून बरंच बाजूला छिद्र करून नसेच्या भोकातून आत शिरायचं. पर्विझ काम्बिन या सर्जनच्या नावाचा एक सुरक्षित त्रिकोण आहे, बाहेर पडणाऱ्या नसेच्या खालचा, त्यातून नळी जाते. ही बऱ्याचदा जागेवरच भूल देऊन होते, रुग्ण बोलत असतो. छिद्र मध्यापासून किती लांब घ्यायचं हे आडव्या कापावर रेघ मारून ठरवतात. एल-४-५ला साधारण १० ते १४ सेंटिमीटर येतं, जाड माणसात जास्त. आता गंमत बघा, एमआरआयचे आडवे काप बहुतेक वेळा मधल्याच भागाचे असतात आणि कडेची कातडी चित्रात येतच नाही, मग रेघ मारायची कुठवर? त्याच रेघेत आतडं आलेलं नाही ना हेही बघायचं असतं. सीटीत पूर्ण घेर येतो. अगदी खालच्या गादीला कंबरेच्या हाडाची कड आडवी येऊन ही वाट बंद होऊ शकते, आणि मिस्टरांची ही गादी मोजणीत काहीही म्हणा, हलणाऱ्या गाद्यांपैकी खालच्या टोकाची आहे. दुसरी वाट मागून, दोन मणक्यांच्या पाठीमागच्या हाडाच्या कमानींमधल्या फटीतून. तिथे कंबरेच्या हाडाची अडचण नाही, पण फट किती रुंद आहे ते बघावं लागतं. एल-५-एस-१ला ती मोठी असते, वर जावं तशी अरुंद. अरुंद असेल तर थोडं हाड घासावं लागतं. खाली सरकलेल्या तुकड्यासाठी माझा कल सहसा मागच्या वाटेकडे असतो, कारण कडेच्या वाटेने खाली वळायला नळीला जागा कमी मिळते. माझ्याहून कडेच्या वाटेचा सराव जास्त असलेले सर्जन याच्या उलट सांगतील, आणि त्यांच्या हातात ते बरोबरही असेल.

दुसऱ्या डॉक्टरांनी मायक्रोस्कोपने करायचं म्हटलं असेल तर त्यात कमीपणा मानू नका. नेदरलँड्समध्ये दोन्ही पद्धतींची तुलना झाली आणि २०२२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आली. वर्षभराने पायदुखीच्या बाबतीत कडेने केलेली दुर्बिणीची शस्त्रक्रिया मायक्रोस्कोपच्या तुलनेत मागे पडली नव्हती, इतकंच. टाका लहान म्हणून दुर्बीण घेऊ नका, तुकडा कुठे आहे आणि वाट कोणती मोकळी आहे त्यावरून ठरू द्या.

एमआरआय किती जुना आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तीन महिन्यांपूर्वी दुखणं सुरू झालं तेव्हाचा असेल आणि आता कळ बदलली असेल, कमी झाली असेल किंवा दुसरीकडे गेली असेल, तर आखणीसाठी नवा लागतो. सुटून सरकलेले तुकडे शरीर पुष्कळदा स्वतःच विरघळवतं, साध्या बल्जपेक्षा जास्त वेळा. कळ खरंच उतरणीला लागली असेल तर थांबणं हाही पर्याय आहे. नेदरलँड्समधलाच २००७ सालचा एक अभ्यास सांगतो की लवकर ऑपरेशन केलेल्यांचा पाय आधी थांबवून ठेवलेल्यांपेक्षा लवकर बरा झाला, पण वर्षाअखेर दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे झालेले होते. थांबायला सांगितलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी वर्षभरात शेवटी ऑपरेशन करून घेतलंच. म्हणजे घाई आहे की नाही, हे मिस्टरांची कळ आणि बुटीबोरीची नोकरी किती तग धरते यावरही आहे. त्यात माझं मत चालणार नाही.

पण लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, दोन्ही पायांत कळ सुरू झाली, किंवा पाऊल लटकं पडून चप्पल निसटायला लागली, तर यातलं काहीही वाचत बसू नका. रात्र असली तरी जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, मेडिकल असो की मिहानचं एम्स. तिथे एमआरआय त्याच दिवशी व्हायला हवा, सीटीची चर्चा नंतर.

बाकी राहिला तारीख दिलेल्या डॉक्टरांचा प्रश्न. त्यांना टाळू नका, सीडी घेऊन भेटा आणि दोनच गोष्टी विचारा: हा जोडलेला मणका धरून तुम्ही गादी मोजणार कशी, आणि आत कोणत्या बाजूने जाणार. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवून दोन्ही दाखवलं, तर त्यांच्या पद्धतीत सीटीवाचून अडत नसेलही. एक्स-रे मात्र दोघांपैकी कोणाकडेही करायचं ठरलं तरी लागतील, ते या आठवड्यातच काढून ठेवा.